पाठीतलं पाणी तर नितळ दिसत होतं, मग मेंदूचा टीबी कसा?

लालबागची_ताई · सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. विक्रोळीला एका गोदामात कामाला, रोज करी रोडहून स्लो गाडीने जाऊन-येऊन. महिन्याभरापूर्वी संध्याकाळचा ताप यायला लागला. अंगात कणकण, डोकं दुखायचं, जेवण निम्म्यावर आलं. जवळच्या डॉक्टरांनी आधी व्हायरल म्हणून आणि मग टायफॉइड म्हणून औषधं दिली. तीन आठवडे त्यातच गेले. मग उलट्या सुरू झाल्या आणि एक दिवस म्हणाला, "ताई, मला दोन-दोन दिसतंय." त्याच रात्री दोन वाजता उठून चपला शोधायला लागला. "विक्रोळी गेलं, उतरायचं राहिलं," असं सारखं म्हणत होता. मी त्याच्यासमोर उभी होते आणि त्याने मला ओळखलं नाही. सकाळ व्हायची वाट न बघता टॅक्सी केली आणि पालिकेच्या रुग्णालयात आणलं.

सीटी झाला आणि पाठीतून पाणी काढलं, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते. त्या वेळी वॉर्डबॉय मामा दुसरीकडे गेले होते, म्हणून सिस्टरने तीन बल्ब, म्हणजे त्या पाण्याच्या छोट्या बाटल्या, माझ्याच हातात दिले आणि खालच्या लॅबमध्ये न्यायला सांगितलं. जिन्यात थांबून मी ते खिडकीच्या उजेडात धरून बघितले. नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. आईला फोन करून सांगितलं सुद्धा, की पाणी अगदी नितळ आहे, काही नसणार. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: पेशी २२०, त्यात ८० टक्के लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्रोटीन १९०, साखर २४. सीबीनॅटमध्ये, म्हणजे जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या मशीनच्या तपासणीत, टीबीचे जंतू सापडले, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला रेझिस्टन्स नाही. सीटीत मेंदूतल्या पोकळ्या थोड्या फुगल्या आहेत.

डॉक्टर चांगले आहेत, पण राउंडला त्यांच्याकडे दोन मिनिटं असतात. ते म्हणाले, मेंदूभोवती एक भिंत असते, ब्लड ब्रेन बॅरियर, आणि टीबीच्या सगळ्या गोळ्या त्या भिंतीपलीकडे सारख्या जात नाहीत. तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच फिरतंय. औषध तोंडाने देतोय आणि ते बाहेरच राहिलं तर? बरं, सोबत स्टेरॉइडही चालू आहे. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती कमी होते ना? मग जंतू असताना ते कशाला?

आणि आता पुन्हा पाणी काढायचं म्हणतात. पहिल्या वेळी आठ मिली काढलं होतं. आत्या म्हणते, "सही करू नकोस, आमच्या शेजारच्याचे पाय त्या सुईनेच गेले." पोकळ्या आणखी फुगल्या तर डोक्यातून पोटात नळी टाकावी लागेल असंही कानावर आलंय. उद्या सकाळी सही द्यायची आहे. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा.

---

मुलुंड_पूर्व · सोमवार, रात्री १२:१५

स्टेरॉइड आधी बंद करायला सांगा. माझ्या काकांची शुगर त्यानेच वाढली. टीबीत स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल.

---

काचपट्टी · मंगळवार, पहाटे ५:२०

ताई, सही करायच्या आधी हे वाचाल या आशेने लिहितोय. मी डॉक्टर नाही. पालिकेच्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये ३३ वर्षं टेक्निशियन होतो, आता निवृत्त. तुम्ही जे बल्ब घेऊन जिना उतरलात, तसे बल्ब खिडकीतून घेणारा माणूस मी.

आधी वरच्या उत्तराबद्दल. कृपा करून स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका, करायलाही सांगू नका. ते डॉक्टरच हळूहळू उतरवतात, सहा ते आठ आठवड्यांत. मध्येच तोडलं तर जिवावर बेतू शकतं. मेंदूच्या टीबीत स्टेरॉइड देणं हा नेहमीच्या उपचाराचाच भाग आहे. त्याचं कारण दुसरं कोणी माझ्यापेक्षा नीट सांगेल. मला पाण्याबद्दल सांगू द्या.

नितळ पाणी बघून तुम्हाला धीर आला. मी हे शेकडो नातेवाइकांच्या चेहऱ्यावर बघितलंय. साध्या जंतूंच्या मेंदूज्वरात, म्हणजे पू होणाऱ्या प्रकारात, पाणी गढूळ येतं, कधी ताकासारखं. तेव्हा सांगावंच लागत नाही. टीबीत मात्र ते बहुतेक वेळा स्वच्छ किंवा जेमतेम धुरकट असतं. पाण्यात शंभर-दोनशे पेशी असल्या तरी डोळ्याला सहसा दिसत नाहीत, पाणी ढगाळ व्हायला त्याहून जास्त पेशी लागतात. आमच्या साहेबांनी मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट दाखवली होती. टीबीच्या संशयाचा बल्ब त्यांनी न हलवता रात्रभर उभा ठेवला. सकाळी बघतो तर वरून खाली लोंबणारं एक बारीक जाळं, थेट कोळिष्टकासारखं. वाढलेल्या प्रोटीनमधलं फायब्रिन गोठून ते होतं आणि जंतू त्या जाळ्यात अडकतात. आम्ही ते जाळं तारेने अलगद उचलून काचपट्टीवर पसरायचो, झेडएन स्टेन करायचो (टीबीचे जंतू लाल दिसावेत म्हणून लावायचा रंग) आणि अर्धा-अर्धा तास एकाच पट्टीवर बसायचो, एक लाल काडी दिसावी म्हणून. बहुतेकदा दिसायची नाही. आता सीबीनॅट दोन तासांत सांगतं, तरी तेही प्रत्येकाला पकडत नाही. तुमच्या भावाचं पकडलं गेलं आणि औषध लागू पडणारं आहे हेही कळलं, हे नशीब मोठं समजा. आठ मिली का काढलं याचं उत्तरही इथेच आहे. या पाण्यात जंतू फार विरळ असतात, थेंबभर पाण्यात सापडत नाहीत. सहा मिलीच्या वर नमुना आला तर सापडायची शक्यता वाढते. दीड मिली पाठवून "टीबी बघा" असं लिहिलेले कागद यायचे तेव्हा मला फार वाईट वाटायचं. त्या पोराच्या पाठीत सुई तर गेलीच होती.

ते पाणी कमी पडत नाही. मोठ्या माणसात एकूण साधारण १५० मिली असतं आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवीन तयार होतं. तासाला वीसेक मिली धरा. म्हणजे आठ मिली अर्ध्या तासात भरून निघतात.

आता आत्याबाईंची भीती. त्यांना रागावू नका, ती भीती घराघरांत आहे. पण नीट बघा. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई टोचतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फटीत. तिथे फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात, सुई आली की ते बाजूला सरकतात. सुईनंतर डोकं दुखू शकतं, कंबर दुखते, ते खरं. आत दाब फार असेल किंवा मेंदूत गाठ असेल तर धोका असतो, म्हणून तर आधी सीटी काढतात. तुमच्याकडे तो काढलाय. मग शेजाऱ्यांचे पाय कशाने गेले? मी त्यांचे कागद बघितलेले नाहीत. पण हा आजार स्वतःच हातपाय घेऊन जातो. मेंदूच्या तळाशी घट्ट चिकट थर साचतो, त्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि लकवा होतो. मणक्यातही तसाच चिकटा धरतो. घरच्यांच्या लक्षात राहते ती सुई. सुई आधी झाली, पाय नंतर गेले, म्हणून दोष सुईला.

एक काम तुमच्या हातात आहे, तेवढं नक्की करा. पाणी काढतील त्याच वेळी रक्तातली साखरही घ्यायला रेसिडेंट डॉक्टरांना आठवण करा. पाण्यातली साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण साठ टक्के असते. टीबीत ती खाली जाते. आता तुमचा भाऊ स्टेरॉइडवर आहे, त्याने रक्तातली साखर चढते, आणि मागोमाग पाण्यातलीही चढू शकते. नुसता पाण्याचा आकडा बघून "सुधारलं" म्हणालात तर फसाल. दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच बघायचे. पहिल्या वेळची रक्तातली साखर केसपेपरवर कुठेतरी लिहिलेली असेल, शोधा. आणि बल्ब हातात आले की थेट लॅबला न्या, वाटेत कोणाशी बोलत थांबू नका. तासाभरात पेशी फुटायला लागतात आणि काउंट खोटा येतो.

---

रात्रपाळी_पीएचडी · मंगळवार, सकाळी ७:०५

काकांनी पाण्याचं सांगितलं, मी भिंतीचं सांगते. मी याच विषयात संशोधन करते, रुग्ण तपासत नाही. तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

ताई, "भिंत" म्हटलं की आपल्याला मेंदूभोवती एखादं कुंपण असल्यासारखं वाटतं. तसं कुंपण नाही. ही भिंत मेंदूतल्या प्रत्येक बारीक रक्तवाहिनीतच आहे. शरीरात इतरत्र या वाहिन्यांच्या पेशींमध्ये फटी असतात, त्यातून बऱ्याच गोष्टी पाझरतात. मेंदूत त्याच पेशी एकमेकींना अशा घट्ट शिवलेल्या असतात की फट उरतच नाही. आत जायचं तर पेशीच्या आरपार जावं लागतं. लोकलच्या गर्दीतून नाही, एकेक तिकीट तपासणाऱ्या दारातून. साखरेसाठी वेगळं दार आहे. आणि काही औषधं आत आली तरी पेशीतले पंप त्यांना उचलून परत रक्तात टाकतात.

हे कळायला माणसाला ऐंशी वर्षं लागली. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू पांढराच राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला रंग धरतच नाही. १९१३ मध्ये त्यांच्याच शिष्याने, एडविन गोल्डमान यांनी, उलटं केलं. निळा रंग थेट मेंदूतल्या पाण्यात सोडला, तर मेंदू निळा झाला आणि बाकी शरीर कोरं राहिलं. रंग धरतो, फक्त रक्तातून तिथे पोचत नाही. ती शिवण प्रत्यक्ष दिसली १९६७ मध्ये, रीस आणि कार्नोव्स्की यांना, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली.

आता तुमचा प्रश्न, औषध बाहेरच राहिलं तर. तुमच्या भावाच्या चार गोळ्यांपैकी आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड हे दोन रेणू अगदी लहान आहेत, रेणुभार १३७ आणि १२३. ते भिंत सहज ओलांडतात, पाण्यात त्यांचं प्रमाण जवळजवळ रक्ताइतकंच मिळतं. रिफाम्पिसिन हा ८२३ चा मोठा रेणू. त्यातला बराचसा रक्तातल्या प्रथिनांना चिकटून बसतो आणि वर पंपही त्याला बाहेर काढतात, म्हणून तो दहा-वीस टक्केच आत जातो. तरीही तो वगळत नाहीत, कारण तेवढाही उपयोगी पडतो. एथाम्ब्युटॉल सूज असताना थोडं जातं, सूज उतरली की कमी जातं. मग रिफाम्पिसिन जास्त दिलं तर? हाच विचार करून व्हिएतनाममध्ये ८१७ रुग्णांवर वाढीव डोस आणि लिव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक अँटिबायोटिक देऊन बघितलं. २०१६ मध्ये निकाल आला: नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त माणसं वाचली नाहीत. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. पण त्यातून एक कळतं. या आजारात जंतू मारणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं म्हणजे सूज आवरणं.

म्हणून स्टेरॉइड. टीबीचे जंतू मेंदूत आधी बारीकशी गाठ करून गुपचूप बसतात. रिच आणि मॅकॉर्डॉक यांनी बाल्टिमोरमध्ये १९३३ सालीच हे दाखवलं होतं. ती गाठ पाण्यात फुटली की शरीर तुटून पडतं, आणि नुकसान होतं ते बऱ्याच अंशी या तुटून पडण्याने. भिंतीची शिवण उसवते, प्रोटीन आत झिरपतं (तुमच्या रिपोर्टमधलं १९० ते हेच), मेंदू सुजतो, काकांनी सांगितलेला तो चिकट थर साचतो. भावाला दोन-दोन दिसत होतं तेही बहुधा डोळा बाहेर वळवणारी नस दाबली गेल्यामुळे. २००४ मध्ये व्हिएतनाममध्येच ५४५ रुग्णांवर डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा अभ्यास झाला, ज्यांना ते मिळालं त्यांच्यात मृत्यू कमी झाले. अपंगत्व मात्र त्याने कमी झालेलं दिसलं नाही, हेही सांगते, कारण तुम्ही खरं सांगा म्हणालात.

तुमच्या मनात पुढचा प्रश्न येईलच: स्टेरॉइडने शिवण पुन्हा घट्ट झाली तर औषध अडणार नाही का? आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड अडत नाहीत, त्यांना शाबूत भिंतीतूनही वाट असते.

आमच्या लॅबमध्ये या भिंतीच्या पेशी जाळीदार कपात वाढवतो आणि विजेचा रोध मोजून शिवण किती घट्ट आहे ते बघतो. जिवंत मेंदूत हा रोध हजाराच्या पुढे असतो. आम्ही वाढवलेल्या पेशींत बऱ्याचदा शंभरही येत नाही. त्यात सूज आणणारं प्रथिन एक थेंब टाकलं की काही तासांत आकडा घसरताना दिसतो. काल रात्री तुमची पोस्ट वाचली तेव्हा मी तोच आकडा लिहून घेत होते. कपातली पेशी मेंदू नसते, हे मला माहीत आहे. पण त्या आकड्यामागे चपला शोधणारा कोणी असतो, हे काल पहिल्यांदा इतकं जवळून जाणवलं.

---

ठाणेकर_आई · मंगळवार, सकाळी ९:४०

नळीबद्दल मी सांगते. माझ्या मुलीला नऊ वर्षांची असताना हाच आजार झाला होता, आज ती बारावीला आहे. पाणी वाहायची वाट चिकट थराने तुंबली की पोकळ्या फुगतात. वाट कुठे तुंबली आहे त्यावर सगळं ठरतं. काहींना गोळ्या देऊन आणि पाठीतून अधूनमधून पाणी काढून भागतं. माझ्या मुलीची वाट मेंदूच्या आतच बंद झाली होती, तिला नळी टाकावी लागली. कानामागे कातडीखाली छोटी गुठळी हाताला लागते, तो तिचा व्हॉल्व्ह. तिथून नळी मानेतून, छातीवरून पोटात जाते. केस विंचरताना सुरुवातीला माझा हात थरथरायचा. आता तीच स्वतः वेणी घालते.

नळी टाकायला सांगितली तर "शेवटची पायरी आली" असं समजू नका. आम्ही त्या भीतीने चार दिवस घालवले. त्या चार दिवसांत तिची उजवी बाजू ढिली पडली. ती अजून पूर्ण आलेली नाही, लिहिते डाव्या हाताने. हे मी कोणाला सहसा सांगत नाही. भाऊ जास्त झोपायला लागला, उठवल्यावर नीट उठत नसेल, उलट्या वाढल्या, फिट आली, तर रात्र असो की पहाट, सिस्टरला उठवा.

आणि एक, घरातल्या सगळ्यांचे छातीचे एक्स-रे काढून घ्या. मेंदूचा टीबी शिंकून पसरत नाही, पण फुप्फुसातही असेल तर पसरतो. निक्षयमध्ये, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत, नाव घालून घ्या, पोषणाचे महिन्याला १००० रुपये खात्यात येतात.

---

लालबागची_ताई · तेरा दिवसांनंतर, रविवार, दुपारी ३:१०

उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा. त्या मंगळवारी सही केली. आत्याला काकांचं सगळं वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण पाणी काढताना बाहेर माझ्याशेजारी बसून राहिली.

काका, रेसिडेंट डॉक्टरांना रक्तातल्या साखरेची आठवण केली. "कोणी सांगितलं तुम्हाला?" म्हणाले आणि लगेच बोटातून घेतली. पहिल्या वेळचा आकडा केसपेपरच्या मागच्या बाजूला सापडला, १०४. म्हणजे तेव्हा रक्तात १०४ आणि पाण्यात २४. त्या मंगळवारी फारसा फरक नव्हता. परवा तिसऱ्यांदा काढलं, तेव्हा रक्तात १३८ आणि पाण्यात ४४. मी वहीत शेजारी शेजारी लिहून भागाकार करून बघितला. साठ टक्क्यांपासून खूप लांब आहे, पण वर चढलंय. पेशी ९५ वर आल्या. प्रोटीन १६०, ते हळूच उतरतं म्हणाले. या वेळीही बल्ब मीच नेले, जिन्यात थांबले नाही.

रात्रपाळी, तुमचं उत्तर मी छापून घेतलं आणि गोळ्यांच्या डब्याला चिकटवलंय. १३७ आणि १२३ वर पेनने गोल केलाय. बाबा रोज गोळ्या देताना विचारतात, "आत जाणाऱ्या कुठल्या?"

ठाणेकर ताई, तुमच्या मुलीचं वाचून आई खूप वेळ गप्प होती. एक्स-रे झाले. बाबांच्या फोटोत काहीतरी दिसतंय, त्यांची थुंकी तपासायला दिली आहे.

भाऊ आता ओळखतो. दोन-दोन दिसणं कमी झालंय, पण एका डोळ्यावर हात धरूनच मोबाइल बघतो. लघवी केशरी झाली म्हणून घाबरून त्याने मला हाक मारली, मी म्हटलं रिफाम्पिसिनने होते, घाबरू नकोस. काल त्याने विचारलं, "गोदामात सांगितलंस का? माझ्या हजेरीचं काय?" महिन्याभरात त्याने विचारलेला हा पहिला सरळ प्रश्न. रजेचा अर्ज मी लिहिला, सही त्याने केली. वाकडी आली, पण त्याचीच.

पोकळ्या मात्र अजून तेवढ्याच आहेत. गुरुवारी पुन्हा सीटी आहे, नळीचं तेव्हा ठरेल.